दोन दात, एक बोट आणि शनिवारची दुपार

९ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण गुडघा वाकत नाही. तेव्हा उभ्याउभ्याच, तोही डाव्या पायावर भार टाकून केलेला गोड मानून घ्या.

तुमच्या बंधुराजांनी फोनवर काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. "बायकोला या वयात व्हॉलीबॉलचं खूळ लागलंय." यातलं खूळ तेवढं खरं. व्हॉलीबॉल म्हणावं असं अजून काही झालेलं नाही.

आमची लॅब तुम्ही पाहिलीय. दिवसभर मान खाली घालून लोकांचे दात बनवायचे. प्लास्टरवाला साचे ओतणार, मी मेणात दात कोरणार, सिरॅमिकवाला त्यावरून पक्का दात करणार, पॉलिशवाली त्याला चकाकी आणणार. मालकांना कुणीतरी सांगितलं की सारखं बसून माणसं आखडतात. झालं. आता दर शनिवारी दुपारी इमारतीमागच्या गाड्या हलवायच्या आणि जाळी बांधायची. समोर कोण, तर वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले. म्हटलं, दिवसभर भिंगं घासणारी माणसं, यांना चेंडू काय कप्पाळ दिसणार? ताई, त्यांना चेंडू छान दिसतो. आम्हालाच दिसत नाही.

माझी पहिली सर्व्हिस जाळीत गेली, दुसरी मालकांच्या गाडीवर. तिसरीच्या वेळी आमच्याच बाजूचे सगळे डोक्यावर हात ठेवून उभे. नंतर एक चेंडू घ्यायला पळाले आणि जमिनीवर आखलेल्या रेघेला अडखळून पडले. "रेघेला कोण अडखळतं?" प्लास्टरवाल्यानं विचारलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मलाही माहीत आहे, पण अंगण खरंच वाकडं आहे हो! पाणी वाहून जायला उतार ठेवलाय. कुणी ऐकूनच घेत नाही.

घरी पट्टी बघून तुमचे बंधू म्हणाले, "गुडघ्याला बाशिंग!" हसू देत. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि दात बघणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा.

पण खरं सांगू? शाळा सुटल्यापासून मी पळालेच नव्हते. पडायच्या आधी चार पावलं पळाले. फार बरं वाटलं.

तुमची,
लंगडी भावजय


१७ जानेवारी

वहिनीबाई,

तुझ्या गुडघ्याला अनेक आशीर्वाद. तुला मात्र नाहीत, तुझे आधी कान उपटायचे आहेत.

अगं, सत्तेचाळीस म्हणजे काय उड्या मारायचं वय आहे? हाड मोडलं तर जुळतं, पण चारचौघांत झालेलं हसं जुळत नाही. शनिवारी दुपारी सरळ घरी येऊन पडावं, तेवढाच पंख्याचा उपयोग.

आमच्याही डेपोत हे वारं शिरलंय. एका बाजूला ड्रायव्हर-कंडक्टर, दुसऱ्या बाजूला ऑफिस आणि वर्कशॉप, आणि मधे दोर. दर शनिवारी दुपारी रस्सीखेच. परवा मेकॅनिक मंडळी माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही आमच्यात सगळ्यांत शेवटी उभ्या राहा." म्हटलं, मीच का रे? तर सगळ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मेले. मी सांगितलं, माझं काम काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचं. मी बोलले की माणसं पळतात. मी स्वतः पळत नाही आणि ओढतही नाही.

फोनवर माझा भाऊ मधे मधे तोंड घालतो, म्हणून पत्रातूनच सगळं लिहीत जा. पण यापुढे खेळाचं काही लिहू नकोस. खेळूच नकोस म्हणजे लिहायला लागणार नाही.

तुझी,
ताई


३० जानेवारी

ताई,

उपटलेले कान पोहोचले. आता डोळ्याचं ऐका.

चेंडू आला उंच. खाली मी आणि पॉलिशवाली. दोघीही "माझा, माझा" करत धावलो आणि तिचं कोपर माझ्या डोळ्यात. चेंडू आमच्या दोघींच्या बरोबर मधे पडला, कारण तो कुणाचाच नव्हता. डोळा असा सुजला की चष्मेवाल्यांना दया आली आणि त्यांनी मला एक काळा चष्मा फुकट दिला. शत्रूचा चष्मा लावून मी सोमवारी दात कोरत बसले. मालक म्हणाले, "बाई, सिनेमात कधी लागलात?"

सामना? हरलो. ते विचारायचं नसतं.

तुम्ही खेळाचं लिहू नको म्हणालात, पण तुमच्याशिवाय लिहू कुणाला? तिथे तासभर माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नसतं. मुलाची परीक्षा नाही, गॅस संपला नाही, बाथरूमचा नळ गळत नाही. फक्त चेंडू कुठे आहे, आणि तो माझ्याकडे येऊ नये एवढीच काळजी. असं शेवटचं कधी झालं होतं ते आठवत नाही. ताई, तो दोर एकदा हातात धरून तर बघा. नाही आवडलं तर सोडून द्या.

तुमची,
एकाक्ष


१९ फेब्रुवारी

वहिनीबाई,

घाबरू नकोस. घरच्या जिन्यावरून घसरले. वरचे समोरचे दोन दात गेले, बाकी मी धडधाकट आहे.

फोन उचलत नाही म्हणून भाऊ चिडलाय. त्याला सांग, उचलून करू काय? बोलायला गेले की नुसती हवा बाहेर येते. माईकवर तर विचारूच नकोस. पहिल्याच दिवशी "सुटण्याच्या तयारीत आहे" म्हणताना सगळ्या स्टँडवर असा फुसकारा घुमला की बाकड्यावरच्या एका बाईनं पाय वर घेतले.

मॅनेजरनं मला मागच्या खोलीत सामानाच्या पावत्या फाडायला बसवलंय. माझ्या खुर्चीवर तिकीट खिडकीतली एक पोरगी बसली आहे. चांगलं बोलते, तेच तर दुखणं आहे. मॅनेजर म्हणतो, "मार्चअखेर दात येऊ देत. नाही आले तर एक एप्रिलपासून तिलाच कायम करू." दात येऊ देत म्हणे! मी काय तान्हं बाळ आहे?

बसवणारा डॉक्टर इथलाच आहे, पण दात तू कर. दुसऱ्या कुणाच्या हातचे मी तोंडात घालणार नाही. मला त्या काचेच्या खोलीबाहेरचं काही येत नाही गं. लग्न केलं नाही, गाणं शिकले नाही, आवाज तेवढा एक होता. ती खुर्ची गेली तर पावत्यांतच म्हातारी होईन मी.

तोंडावर पदर धरून लिहितेय. पत्राला काही दिसत नाही, तरी.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. दात मीच करणार, आणखी कोण? डॉक्टरांना म्हणावं, नवे दात अडकवायला आजूबाजूचे दात घासून तोंडाचं माप घ्या आणि साचा थेट माझ्या नावानं पाठवा. मी मेणात कोरून देते, सिरॅमिकवाला पक्के करेल, आणि मार्च सरायच्या आत तुमच्या तोंडात बसतील. ती पोरगी जाईल परत खिडकीत.

एक करा. दात दिसतील असा जुना फोटो पाठवा. हसतानाचा.

आणि तुम्हाला शब्द देते. तुमचे दात होईपर्यंत जाळीकडे ढुंकूनही बघणार नाही. माझा हात म्हणजे सध्या तुमची खुर्ची आहे, एवढं कळतं मला.

जिन्याला कठडा नाही का हो? बसवून घ्या.

तुमची,
भावजय


४ मार्च

वहिनीबाई,

साचा पाठवलाय, जपून उघड.

फोटो मात्र नाही. सगळे धुंडाळले. प्रत्येक फोटोत मी ओठ मिटून बसले आहे. तो डावा दात उजव्यावर चढलेला होता ना, तो दिसू नये म्हणून. तुझा नवरा लहानपणी मला "कुदळ" म्हणायचा. फोटोवाला म्हणायचा हसा, आणि मी आणखी घट्ट मिटायची.

तेव्हा आता संधी आलीच आहे तर दोन्ही सरळ कर. टूथपेस्टच्या जाहिरातीत असतात तसे, एका ओळीत. बावन्नाव्या वर्षी का होईना, सुंदर दिसू दे मला.

कठड्याचं बघते.

ताई


१६ मार्च

ताई,

काम चालू आहे. जरा उशीर होतोय, कारण हवा तसा माल आलेला नाही. काळजी करू नका. अक्षर वाकडं आलंय, पेन नवीन आहे.

भावजय


१९ मार्च

वहिनीबाई,

पेन नवीन असलं की अक्षर शाळेतल्या पोरासारखं येतं होय? आणि तू चार ओळींत पत्र संपवणारी कधीपासून झालीस?

मी काय ते समजले. जानेवारीत तुला रागावले ते तू मनात धरून बसलीस. "आता बघा माझी गरज कशी लागते," असंच ना? लागली गरज. हात जोडले. पण मार्च काही थांबत नाही. परवा खुर्चीवरून माझी उशी मागच्या खोलीत आली. पोरीनं स्वतःची आणली आहे, फुलाफुलांची. "ताई, तुमची इथे पडून होती," म्हणाली, तीही गोड आवाजात.

आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणाकडे तक्रार करू? करायचे नसतील तर सरळ सांग, मी इथे कुणाकडून तरी करून घेते.

ताई


२२ मार्च

ताई,

रागावू नका. म्हणजे रागवा, पण दुसऱ्या कारणासाठी रागवा. मी डाव्या हातानं लिहितेय.

जाळीकडे ढुंकून बघणार नाही म्हणाले होते. बघितलं नाहीच. पण चष्मेवाले सहा आले आणि आमचे पाचच. मालक स्वतः म्हणाले, "बाई, नुसत्या उभ्या राहा, चेंडूला हात लावू नका." मी नुसतीच उभी राहिले. चेंडूनं मला हात लावला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकावर असा बसला की बोट मागे वाकलं.

इथवर ठीक होतं. मुरगळलं होतं, बर्फ लावला असता तर चार दिवसांत बरं झालं असतं. पण आम्ही पडलो साचे ओतणारी माणसं! "दवाखान्यात कशाला रांग लावायची?" प्लास्टरवाला म्हणाला. "प्लास्टर म्हणजे प्लास्टर. माझ्याइतकं चांगलं कोण घालणार?" मलाही पटलं. वीस वर्षं या धंद्यात आहे, तरी पटलं! त्यानं दातांच्या साच्याचं ते सगळ्यांत कडक प्लास्टर कालवलं आणि माझं बोट त्यात उभं केलं. कापूस नाही, तेल नाही, काही नाही. सवयीनं वर कामाचा नंबरही टाकला.

ते प्लास्टर घट्ट होताना तापतं, ताई. रोज हातात घेतो, रोज गरम लागतं, पण आत आपलं बोट असेल तर काय होईल हा विचार आमच्यातल्या एकालाही सुचला नाही. मी ओरडायला लागले तेव्हा पॉलिशवाली म्हणाली, "थांबा, अजून सेट व्हायचंय." शेवटी करवतीनं कापून काढलं. बोटावरची लव, थोडी कातडी आणि माझी सगळी अब्रू त्यातच राहिली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं ऐकून घेतलं, मग बाहेर जाऊन दोन डॉक्टर आणखी बोलावले आणि म्हणाला, "बाई, परत पहिल्यापासून सांगा." चेंडूचं दुखणं कधीच गेलं. आता पट्टी आहे ती भाजल्याची.

डाव्या हातानं कोरून बघितलं. सिरॅमिकवाला म्हणाला, "हा दात आहे की गाजर?" तेव्हा आता तो मेणावर बसलाय आणि मी शेजारी. हात त्याचा, तोंड माझं. तो म्हणतो, बाई, असलं काम करण्यापेक्षा मला गाड्या हलवायला लावा.

तुमची खुर्ची जाईल या भीतीनं मला झोप नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून पेनाचं निमित्त केलं. मनात काही धरलेलं नाही हो. धरायला बोटच कुठे आहे?

तुमची,
मूर्ख भावजय


२५ मार्च

वहिनीबाई,

मागच्या खोलीत बसून तुझं पत्र वाचलं आणि इतकी हसले की सामान सोडवायला आलेला माणूस पावती न घेताच गेला. पदर कुठल्या कुठे गेला होता.

आता माझं ऐक. अगं, आमच्या घराला जिना आहेच कुठे? तळमजल्यावर राहते मी. तू इतक्या वेळा येऊन राहिलीस आणि वर मला कठडा बसवायला सांगतेस!

दोर धरला मी. तुझं ते "एकदा हातात धरून तर बघा" डोक्यात बसलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुला कान उपटणारं पत्र टाकलं होतं त्याच पेटीसमोरून चालत गेले आणि मेकॅनिकांना म्हटलं, कुठे उभं राहायचं? पहिला डाव आम्ही जिंकलो, वहिनी! माझ्या वजनावर जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या वजनाचं कुणी कौतुक केलं. दुसऱ्या डावात ड्रायव्हर मंडळींनी असा हिसका दिला की आमच्यातले पुढचे सगळे दोर सोडून बाजूला झाले. "ताई, सोडा! सोडा!" सगळा डेपो ओरडत होता. मी सोडते होय? एकटी ओढली गेले, फरफटत, फलाटाच्या कडेपर्यंत. तिथे तोंड आपटलं. तेव्हाही दोर हातातच होता, असं म्हणतात.

तुला इतकं रागावल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि होतं ते तोंडही धड राहिलं नव्हतं.

मी तुझ्यावर नाही नाही ते आरोप केले. ते फाडून टाक. पण महिना संपत आलाय. मला माझी खुर्ची हवी आहे गं. बोट जप आणि गाजर पाठवू नकोस.

ताई


२८ मार्च

ताई,

जिना! मी तुमच्या घरात दिवसचे दिवस राहिले आणि माझ्या लक्षात आलं नाही. तुमचे बंधूही महिनाभर कठड्याचा खर्च विचारत होते. तुमचं घराणं आणि मी, छान जमलंय आपलं.

दात सोबत आहेत. मुलगा स्वतः घेऊन येतोय, पोस्टावर भरवसा नको. आज लगेच डॉक्टरकडून बसवून घ्या.

आता दोर धरलात तसा राग धरू नका. दात सरळ केलेले नाहीत. डावा उजव्यावर जरासा चढलेला आहे, होता तसाच. फोटो नव्हता, पण मला लागला नाही. तुम्ही फोटोत ओठ मिटता, जेवताना नाही मिटत. लग्न होऊन पहिल्यांदा तुमच्या पंगतीला बसले त्या दिवसापासून तुमचे दात मला पाठ आहेत. धंद्याची खोड. सिरॅमिकवाल्याला "अजून जरा पुढे, अजून जरा, आता थांब" करत मी ते सांगितले, आणि शेवटी तो म्हणाला, "बाई, या ताई मला आता रस्त्यात दिसल्या तरी ओळखेन."

मुद्दाम केलं. तुमची जीभ इतकी वर्षं त्या वाकड्या दाताला धरून बोलली आहे. सरळ दात घातले असते तर ती महिनाभर चाचपडत राहिली असती, आणि तुम्हाला एक तारखेला माईकवर बसायचंय. सुंदर की खुर्ची, असा प्रश्न होता. मी तुम्हाला न विचारता खुर्ची घेतली. चुकलं असेल तर बोट बरं झाल्यावर सरळ करून देईन, एक पैसा न घेता. पण आरशात बघून ठरवू नका. माईकवर बोलून ठरवा.

तुमची,
भावजय


६ एप्रिल

वहिनी,

आरशात बघितलंच. आणि तुला मनसोक्त शिव्या घातल्या. तोच दात, तीच कुदळ! भाच्यासमोर म्हणून मोठ्यानं बोलले नाही. रात्रभर उशीत तोंड घालून पडले होते.

एक तारखेला सकाळी मॅनेजर म्हणाला, "एक गाडी पुकारून दाखवा." पोरगी उठली. मी बसले, बटण दाबलं आणि तोंड उघडलं. वहिनी, आवाज आला. माझा. जसाच्या तसा. "फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." एकही फुसकारा नाही. खाली फलाटावर, मला दोर ओढून पाडणारा तो दाढीवाला ड्रायव्हर होता, त्यानं वर बघितलं आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मग दुसऱ्यानं ठेवला. मी त्या काचेत बसून रडले. बटण चालू होतं, सगळ्या स्टँडनं ऐकलं. ऐकू दे.

मॅनेजर म्हणाला, "खुर्ची तुमची. आठवड्याचे सगळे दिवस, पूर्वीसारखी." पोरगी तिची फुलाफुलांची उशी काखेत घेऊन निघाली. आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "साहेब, शनिवारी दुपारची पाळी हिला द्या."

त्याला वाटलं, माझी तब्येत बिघडली. एका खुर्चीसाठी ज्या बाईनं महिनाभर त्याचा जीव खाल्ला, ती आपणहून शनिवार देऊन टाकतेय. "का पण?" म्हणाला.

"दोर ओढायचाय," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "आणि पुन्हा दात पडले तर?"

मी हसले. ओठ मिटले नाहीत. म्हटलं, "पडू देत. करणारी माझ्या घरची आहे, आणि ती माझ्याहून वेडी आहे."

तुझी,
ताई